क्ष-किरणांचे बहुस्तरीय आरसे व अतिलघू स्पंद
क्ष-किरणांचे बहुस्तरीय आरसे : दोन भिन्न पदार्थांचे काही नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मी.) जाडीचे थर एकाआड एक रचून तयार केलेल्या आणि मृदू क्ष-किरण व आखूड तरंगलांबीचे जंबुपार किरण परावर्तित करणाऱ्या आरशांना ‘बहुस्तरीय आरसे’ म्हणतात. नेहमीच्या आरशात परावर्तनाचे कार्य एकच पृष्ठ करते; बहुस्तरीय आरशात ते अनेक आंतरपृष्ठे (दोन थरांमधील सीमा) मिळून करतात. प्रत्येक आंतरपृष्ठावरून परत फिरणारा तरंग अतिशय क्षीण असतो. मात्र थरांच्या जाड्या योग्य ठेवल्यास हे सर्व क्षीण तरंग समान कलेत येतात व त्यांच्या व्यतिकरणाने एक प्रबळ परावर्तित तरंग निर्माण होतो. या आरशांचा उपयोग प्रथम क्ष-किरणांची दिशा बदलण्यासाठी व त्यांचे केंद्रीकरण करण्यासाठी झाला. पुढे, २००१ नंतर, ॲटोसेकंद (१ ॲटोसेकंद = १०⁻¹⁸ सेकंद) कालावधीच्या प्रकाश-स्पंदांना इष्ट आकार देणारे साधन म्हणूनही त्यांना महत्त्व प्राप्त झाले. प्रस्तुत नोंदीत या आरशांच्या विकासाचा इतिहास दिला आहे.

पूर्वेतिहास : व्हिल्हेल्म कोनराट राँटगेन (१८४५–१९२३) यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हा त्यांनी या किरणांचे प्रणमन व नियमित परावर्तन घडवून आणण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यात त्यांना यश आले नाही. या अपयशाचे कारण पुढे स्पष्ट झाले. क्ष-किरणांच्या बाबतीत सर्व पदार्थांचा प्रणमनांक जवळजवळ १ असतो. भेदक क्ष-किरणांसाठी तो १ पेक्षा केवळ लक्षांश वा दशलक्षांश भागाने कमी भरतो. परिणामी लंब दिशेने येणारे किरण पृष्ठावरून जवळजवळ मुळीच परत फिरत नाहीत. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांसाठीदेखील मॉलिब्डेनमासारख्या धातूचे एकेरी पृष्ठ हजारात केवळ एक-दोन भाग तीव्रता परत पाठविते. काच किंवा धातू यांच्या भिंगांचाही येथे उपयोग होत नाही. कारण प्रणमन अत्यल्प आणि शोषण मात्र मोठे असते.

माक्स फोन लौए (१८७९–१९६०) यांच्या सूचनेवरून १९१२ मध्ये झालेल्या प्रयोगांत स्फटिकांमुळे क्ष-किरणांचे विवर्तन होते, असे दिसून आले. विल्यम हेन्री ब्रॅग (१८६२–१९४२) व त्यांचे पुत्र विल्यम लॉरेन्स ब्रॅग (१८९०–१९७१) यांनी या घटनेचे विवरण स्फटिकातील समांतर अणुप्रतलांवरून होणाऱ्या परावर्तनाच्या स्वरूपात केले. लागोपाठच्या दोन प्रतलांमधील अंतर d, किरण व प्रतल यांमधील कोन θ व तरंगलांबी λ असल्यास २d sin θ = mλ (m पूर्णांक) या अटीस परावर्तन प्रबळ होते. म्हणजे स्फटिक हा निसर्गानेच घडविलेला बहुस्तरीय आरसा होय. मात्र नेहमीच्या स्फटिकांत प्रतलांमधील अंतर काही दशांश नॅनोमीटर असल्याने त्याच्या दुपटीहून अधिक तरंगलांबीचे किरण त्यांवरून अशा रीतीने परावर्तित होऊ शकत नाहीत. सु. २ ते ५० नॅनोमीटर हा तरंगलांबीचा पट्टा अशा रीतीने भिंग, साधा आरसा व स्फटिक या तिन्हींच्या आवाक्याबाहेर राहिला.

आर्थर हॉली काँप्टन (१८९२–१९६२) यांनी १९२३ च्या सुमारास दाखविले की, प्रणमनांक १ पेक्षा कमी असल्याने अगदी पृष्ठालगत, अत्यंत लहान कोनाने येणाऱ्या क्ष-किरणांचे पूर्ण बाह्य परावर्तन होते. या तत्त्वावर पुढे क्ष-किरण दूरदर्शक तयार झाले. परंतु अशा आरशाचा पुष्कळ मोठा पृष्ठभाग लागतो व प्रतिमेतील दोष कमी करणे अवघड जाते. लंब दिशेने वापरता येईल अशा आरशाची उणीव कायम राहिली.

पहिला कृत्रिम बहुस्तर : निसर्गात न मिळणारे मोठे प्रतलांतर कृत्रिम रीतीने निर्माण करावे, हा विचार १९२० नंतरच्या काळात अनेकांना सुचला होता; पण थर सरळ व सुटे राखणे जमत नव्हते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जेसी ड्यूमाँड (१८९२–१९७६) व जे. पी. यूट्झ यांनी १९३५ मध्ये निर्वातात सोने व तांबे यांचे आळीपाळीने बाष्पीभवन करून सु. १० नॅनोमीटर आवर्तनांतराचा बहुस्तर तयार केला आणि त्यावरून क्ष-किरणांचे निवडक परावर्तन मिळविले. मात्र हे यश टिकाऊ नव्हते. सोने व तांबे यांचे अणू कोठी तापमानासही एकमेकांत मिसळत गेले, सीमा पुसट झाल्या आणि काही दिवसांत परावर्तन क्षीण होऊन अखेर नाहीसे झाले.

ड्यूमाँड व यूट्झ यांनी या दोषाचाच उपयोग करून घेतला. परावर्तनाची तीव्रता कोणत्या वेगाने कमी होते हे मोजून त्यांनी १९४० मध्ये घन पदार्थांतील विसरणाचा वेग काढण्याची पद्धत मांडली. नेहमीच्या रासायनिक वा सूक्ष्मदर्शकीय पद्धतींनी कळू न शकणारे अत्यंत मंद विसरण या पद्धतीने मोजता येऊ लागले. आरसा म्हणून जे अपयश होते, ते मापनयंत्र म्हणून यश ठरले. आरशाच्या दृष्टीने मात्र पुढील तीन दशकांत थोडीच प्रगती झाली. परस्परांत न मिसळणाऱ्या पदार्थांची निवड आणि थरांच्या जाडीवर नॅनोमीटरच्या दशांशापर्यंत नियंत्रण, या दोन अटी तत्कालीन निर्वात तंत्राने पूर्ण होत नव्हत्या.

शोषक पदार्थांचा प्रश्न : दुसरी अडचण तात्त्विक होती. दृश्य प्रकाशासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुस्तरीय आरशांचे पदार्थ जवळजवळ संपूर्ण पारदर्शक असतात. मृदू क्ष-किरणांच्या पट्ट्यात मात्र प्रत्येक पदार्थ शोषक असतो. अशा पदार्थांचे अनेक थर एकावर एक रचले, तर किरण आतच शोषले जातील व आरशाचा उपयोग होणार नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाई. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रातील एबरहार्ट श्पिलर यांनी १९७२ मध्ये हा समज खोडून काढला. आपाती व परावर्तित तरंगांच्या मिश्रणाने आरशाच्या आत अप्रगामी तरंग निर्माण होतो. त्यातील काही प्रतलांवर विद्युत् क्षेत्राचे आंदोलन जवळजवळ शून्य असते. ही निस्पंद प्रतले होत. अधिक शोषण करणाऱ्या पदार्थाचा पातळ थर नेमका या प्रतलांवर ठेवल्यास त्याला शोषून घेण्यासारखी ऊर्जा तेथे फारशी नसते. उरलेली जागा कमी शोषक पदार्थाने भरता येते. अशा रीतीने दोन्ही पदार्थ शोषक असूनही आरसा परावर्तक ठरू शकतो.

१९७६ मध्ये हँबर्ग येथील हेल्बिख व कुन्झ यांनी सु. १०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या पट्ट्यासाठी असे आरसे तयार केले. १९७७ मध्ये मॉस्को येथील व्हिनोग्राडोव्ह व झेल्डोव्हिच यांनी निरनिराळ्या पदार्थांच्या जोड्यांपासून जास्तीत जास्त किती परावर्तन मिळू शकेल, याचा सैद्धांतिक आराखडा प्रसिद्ध केला. त्यामुळे प्रत्येक तरंगलांबीसाठी योग्य जोडी निवडण्याचे काम पद्धतशीरपणे होऊ लागले.

निर्मितितंत्र : स्टॅनफर्ड विद्यापीठातील ट्रॉय बार्बी यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बाष्पीभवनाऐवजी स्पटरिंग तंत्र वापरले. या तंत्रात आयनांच्या माऱ्याने लक्ष्य पदार्थाचे अणू उडवून ते आरशाच्या पायावर बसविले जातात. या अणूंना पुरेशी ऊर्जा असल्याने थर दाट व सपाट बसतो आणि निक्षेपणाचा वेग स्थिर ठेवता येतो. टंगस्टन-कार्बन ही जोडी प्रथम पुढे आली. १९८० नंतरच्या दशकात मॉलिब्डेनम-सिलिकॉन ही जोडी सर्वांत उपयुक्त ठरली. सिलिकॉनाची शोषण-सीमा १२.४ नॅनोमीटरला असून त्याहून थोड्या मोठ्या तरंगलांबीस सिलिकॉन बऱ्यापैकी पारदर्शक असते. सु. ७ नॅनोमीटर आवर्तनांतराच्या ४० ते ५० जोड्या रचल्यास १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीस लंब दिशेजवळ सु. ७०% परावर्तन मिळते. सैद्धांतिक मर्यादा याहून थोडीच अधिक आहे.

आंतरपृष्ठे किती गुळगुळीत आहेत यावर सर्व काही अवलंबून असते. पृष्ठाच्या खडबडीतपणाचे सरासरी माप σ असल्यास लंब आपातासाठी परावर्तन सामान्यतः e^(−(४πσ/λ)²) या पटीत घटते. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीस σ चे मूल्य १ नॅनोमीटर असले, तर आदर्श परावर्तनाचा सु. ४२% भागच उरतो. ४ नॅनोमीटर तरंगलांबीस σ अर्धा नॅनोमीटर असला, तरी केवळ सु. ८% भाग शिल्लक राहतो. अर्धा नॅनोमीटर म्हणजे जेमतेम दोन-तीन अणूंची उंची होय. तरंगलांबी जसजशी आखूड होते, तसतशी आरशाच्या कारागिरीची कसोटी अशी झपाट्याने कठीण होत जाते.

प्रारंभीचे उपयोग : ऑक्टोबर १९८७ मध्ये अग्निबाणातून पाठविलेल्या दूरदर्शकाने लंब आपाताच्या बहुस्तरीय आरशांच्या साहाय्याने सूर्याच्या किरीटाच्या तपशीलवार प्रतिमा घेतल्या. त्यानंतर सोहो (१९९५), ट्रेस (१९९८) व सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी (२०१०) या अवकाशयानांवर असे आरसे बसविण्यात आले. प्रत्येक आरसा ठराविक तरंगलांबीच निवडत असल्याने किरीटातील निरनिराळ्या तापमानांच्या वायूंची छायाचित्रे अलग अलग मिळू शकली.

जपानमधील हिरोओ किनोशिता यांनी १९८६ मध्ये या आरशांच्या साहाय्याने सूक्ष्म आकृत्यांची प्रतिमा पाडता येते, असे जाहीर केले. प्रथम त्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ संशोधन होऊन २०१९ मध्ये १३.५ नॅनोमीटर किरणांच्या लिथोग्राफीने संकलित मंडलांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. एवढा विलंब का लागला, हे एका साध्या हिशेबावरून ध्यानात येते : ७०% परावर्तनाचे १० आरसे ओळीने असल्यास अखेरीस मूळ तीव्रतेचा ३% हून कमी भाग पोहोचतो. म्हणूनच आरशाच्या परावर्तनातील एकेका टक्क्याला येथे मोठे मोल आहे.

अतिलघू स्पंद : १९८७-८८ मध्ये शिकागो व फ्रान्समधील साक्ले येथील संशोधकांना आढळले की, तीव्र लेसर स्पंद निष्क्रिय वायूतून गेल्यास मूळ कंप्रतेच्या विषम पटींचे, उच्च क्रमांकांचे प्रसंवादी तरंग निर्माण होतात. १९९३ मध्ये या घटनेचे सोपे विवरण पुढे आले : लेसरच्या क्षेत्राने इलेक्ट्रॉन अणूपासून सुटतो, त्वरित होतो, क्षेत्राची दिशा उलटताच परत येऊन अणूत मिळतो आणि तेव्हा त्याची ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. ही क्रिया लेसरच्या अर्ध्या आवर्तनाच्या अंशमात्र काळात घडत असल्याने बाहेर पडणारा स्पंद ॲटोसेकंदांच्या प्रमाणातील असावा, असे अनुमान होते.

त्याचा प्रत्यक्ष पुरावा २००१ मध्ये मिळाला. फ्रान्समध्ये प्येर आगोस्तिनी व त्यांचे सहकारी यांनी सु. २५० ॲटोसेकंद कालावधीच्या स्पंदांची मालिका मोजली. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे फेरेन्ट्स क्राउस व त्यांचे सहकारी यांनी सु. ६५० ॲटोसेकंद कालावधीचा एकेरी स्पंद मिळविला. व्हिएन्नाच्या प्रयोगात बहुस्तरीय आरसा केंद्रस्थानी होता. मॉलिब्डेनम-सिलिकॉनाचा एक लहान गोलीय आरसा मध्ये व त्याभोवती दृश्य प्रकाश परावर्तित करणारे कडे, अशी त्याची रचना होती. मधला आरसा सूक्ष्मपणे पुढेमागे सरकविता येत असे. त्यामुळे क्ष-किरण स्पंद व लेसर स्पंद यांमधील कालांतर बदलता येई व दोन्ही एकाच वायुझोतावर केंद्रित होत. याखेरीज सु. ९० इलेक्ट्रॉन व्होल्टजवळचा पट्टाच परावर्तित होत असल्याने प्रसंवादी वर्णपटाच्या वरच्या टोकाचा सलग भाग तेवढा निवडला जाई. एकेरी स्पंद वेगळा काढण्यास याचीच गरज होती. निवड, केंद्रीकरण व कालांतराचे नियमन ही तिन्ही कामे अशा रीतीने एका आरशाकडे आली. २००२ मध्ये याच पद्धतीने क्रिप्टॉन अणूच्या आतील कवचातील रिक्त स्थान सु. ८ फेम्टोसेकंदांत (१ फेम्टोसेकंद = १०⁻¹⁵ सेकंद) भरले जाते, असे प्रत्यक्ष कालमापनाने दिसून आले.

स्पंदांची घडण : स्पंद जितका लघू हवा, तितका त्यात समाविष्ट असलेला कंप्रतांचा पट्टा रुंद असावा लागतो. पट्ट्याची रुंदी इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मोजल्यास घंटाकृती स्पंदाचा किमान कालावधी १.८२ भागिले रुंदी इतके फेम्टोसेकंद येतो. ४० जोड्यांचा आवर्ती आरसा १३.५ नॅनोमीटरजवळ सु. ४ इलेक्ट्रॉन व्होल्ट रुंदीचाच पट्टा परावर्तित करतो. म्हणजे त्यावरून येणारा स्पंद सु. ४५० ॲटोसेकंदांहून लघू असू शकत नाही. १०० ॲटोसेकंदांच्या स्पंदास सु. १८ इलेक्ट्रॉन व्होल्ट रुंदी लागते. जोड्यांची संख्या घटविल्यास पट्टा रुंदावतो. परंतु परावर्तन काही टक्क्यांपर्यंत घसरते. परावर्तन व पट्ट्याची रुंदी यांमधील हा विरोध संपूर्ण टाळता येत नाही.

याचे भौतिक कारण सरळ आहे. प्रकाश १ ॲटोसेकंदात ०.३ नॅनोमीटर, म्हणजे साधारणपणे एका अणूच्या व्यासाइतके, अंतर कापतो. ७ नॅनोमीटरच्या एका जोडीतून जाऊन परत येण्यास त्याला सु. ४७ ॲटोसेकंद लागतात. जो तरंग अनेक जोड्यांच्या सामुदायिक परावर्तनाने बनतो, तो तितकाच काळ लांबतो. यावरून थराची जाडी ठरविणे म्हणजे प्रकाशाला विलंब नेमून देणे होय, हे लक्षात येते.

याच गोष्टीचा पुढे उपयोग करून घेण्यात आला. प्रसंवादी तरंगांपासून बनलेला स्पंद मुळात ‘आरोही’ असतो, म्हणजे त्याच्या आरंभी कमी व अखेरीस अधिक कंप्रता येते. त्यामुळे तो किमान शक्य कालावधीपेक्षा लांब असतो. आरशाच्या वरच्या भागात पातळ व खोल भागात जाड थर ठेवल्यास उच्च कंप्रता वरच्यावर परत फिरतात आणि नीच कंप्रता खोल जाऊन उशिरा परततात. आधी निघालेला भाग थांबविला जाऊन मागून येणारा त्याला गाठतो व स्पंद आखूड होतो. दृश्य व अवरक्त प्रकाशासाठी असे आरसे रॉबर्ट सिपोच व क्राउस यांनी १९९४ मध्ये तयार केले होते. थरांची जाडी क्रमाने बदलून परावर्तनाचा पल्ला वाढविण्याची कल्पना न्यूट्रॉनांच्या बाबतीत १९७६ मध्ये फेरेन्ट्स मेझेई यांनी अमलात आणली होती. २०१२ मध्ये सोडलेल्या नूस्टार या क्ष-किरण दूरदर्शकात ७९ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे किरण लहान कोनाने परावर्तित करण्यासाठी खोलीनुसार बदलत्या जाडीचेच थर वापरले आहेत.

ॲटोसेकंद स्पंदांसाठी मात्र केवळ परावर्तित तीव्रता पुरेशी नसून प्रत्येक कंप्रतेची कलाही नियंत्रित करावी लागते. असे अनावर्ती आरसे संगणकीय आकडेमोडीने आखले जातात. त्यांतील प्रत्येक थराची जाडी वेगळी असते. जाडीत नॅनोमीटरच्या एक-दोन दशांशांची चूक झाली, तरी कलेची आखणी बिघडते. २००५ पासून फ्रान्स व जर्मनी येथे असे आरसे तयार करून पडताळण्यात आले. २००८ मध्ये जर्मनीतील गार्खिंग येथे सु. ८० इलेक्ट्रॉन व्होल्टजवळ ८० ॲटोसेकंदांचा स्पंद मिळाला. त्यात रुंद पट्ट्याचा मॉलिब्डेनम-सिलिकॉन आरसा व पातळ धातुपत्रे यांचा संयुक्त उपयोग केला होता. झिर्कोनियमासारख्या धातूचे पत्र योग्य पट्ट्यात स्पंदाचे आरोहण काही अंशी भरून काढते. आगोस्तिनी, क्राउस व आन ल्विलिये यांना ॲटोसेकंद स्पंदांच्या प्रायोगिक पद्धतींबद्दल २०२३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर : हँबर्ग येथील मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरवर २००६ मध्ये सु. २५ फेम्टोसेकंदांच्या एकाच स्पंदाने वस्तूची विवर्तन-आकृती नोंदविण्यात आली. त्यानंतर ती वस्तू नष्ट झाली. मध्यभागी छिद्र असलेल्या बहुस्तरीय आरशाने विवर्तित किरण तेवढे वळवून अभिज्ञातकाकडे पाठविले. मूळ झोत छिद्रातून निघून गेला व अभिज्ञातक सुरक्षित राहिला. त्यानंतरच्या प्रयोगांत असे आढळले की, स्पंद आरशाचा विध्वंस करण्याइतका तीव्र असला, तरी स्पंद चालू असेपर्यंत थरांची रचना शाबूत राहते. अणूंना आपली जागा सोडण्यास लागणारा वेळ स्पंदाच्या कालावधीपेक्षा अधिक असल्याने आरसा आपले काम पूर्ण करून मग नष्ट होतो.

मर्यादा व पुढील दिशा : सु. २.३ ते ४.४ नॅनोमीटर या पट्ट्यात पाणी बऱ्यापैकी पारदर्शक व कार्बन शोषक असल्याने जैव पदार्थांच्या अभ्यासासाठी हा पट्टा महत्त्वाचा आहे. ३.१ नॅनोमीटरजवळ क्रोमियम-स्कँडियम ही जोडी योग्य ठरली आहे; परंतु तेथे आवर्तनांतर सु. १.६ नॅनोमीटर, म्हणजे एक थर केवळ काही अणूंचा असतो आणि शेकडो जोड्या रचाव्या लागतात. २०१३ मध्ये या जोडीचे अनावर्ती आरसे ॲटोसेकंद स्पंदांसाठी तयार करण्यात आले. २०१७ मध्ये झुरिक येथे ४३ ॲटोसेकंदांचा स्पंद मोजला गेला. इतक्या लघू स्पंदाला परावर्तनानंतरही लघू राखणे, हे आरशापुढील आव्हान आहे. भारतात इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात अशा बहुस्तरांची निर्मिती होते आणि तेथील इंडस-१ या सिंक्रोट्रॉन उद्गमाच्या किरणांनी त्यांचे परावर्तन तपासले जाते.

ड्यूमाँड व यूट्झ यांच्या आरशातील अणू जागच्या जागी राहिले नाहीत, म्हणून तो आरसा टिकला नाही. थरांचे परस्परांत होणारे विसरण हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. मॉलिब्डेनम व सिलिकॉन यांच्या सीमेवर बोरॉन कार्बाइडासारख्या पदार्थाचा अतिशय पातळ रोधक थर घालून तो आटोक्यात ठेवला जातो. इलेक्ट्रॉनांच्या हालचालीचे कालमापन किती सूक्ष्म होऊ शकेल, हे बऱ्याच अंशी या सीमा किती रेखीव राखता येतात यावर अवलंबून आहे.